परदेशात निवृत्ती, तीही गाडीवाचून

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांशी बोललात, तर नातवंडांचं कौतुक सांगून झाल्यावर बहुतेकांच्या तोंडी एक गोष्ट येतेच. घर मोठं, मागची बाग सुरेख, पण दूध आणायचं तरी कुणाला तरी गाडी काढावी लागते. दादरला किंवा सदाशिव पेठेत सत्तरीतही स्वतःच्या पायांनी भाजी आणणारी, पासबुक भरून आणणारी माणसं तिथे शनिवारची वाट बघत बसतात. तीस-पस्तीस वर्षं तिथेच नोकरी केलेल्या मराठी जोडप्यांनाही साठी ओलांडली की हा प्रश्न गाठतो. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात, मान पूर्वीसारखी वळत नाही, हायवे टाळावासा वाटतो. त्या उपनगरांत गाडी सुटली की बाहेर पडणंही सुटतं.

निवृत्तीनंतर परदेशात राहायचं म्हणणाऱ्या माणसाला म्हणूनच माझं एक आग्रहाचं सांगणं असतं. ‘स्वस्त देश कोणता’ इथून सुरुवात करू नका. देश सगळ्यांत शेवटी ठरवा. आधी ठरवायचा तो तुमच्या दारासमोरचा रस्ता, त्यावरची दुकानं आणि त्यावरून धावणारी बस. देश स्वस्त आणि घर गावाबाहेर असेल, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. त्याहून वाईट म्हणजे माणूस हळूहळू बाहेर पडायचंच कमी करतो, आणि उतारवयात हे तब्येतीला फार महागात पडतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक आहेत. एक, डॉलरमध्ये पेन्शन मिळणारे, पण त्या पैशात अमेरिकेत हात आखडून राहावं लागेल असे. दुसरे, मुंबई-पुण्यातले, ज्यांच्याकडे घर, एफडी आणि थोडीफार पेन्शन आहे आणि ज्यांनी आयुष्यभर लोकल आणि बसनेच प्रवास केला आहे. दुसऱ्या गटाला एक गोष्ट आपोआप येते: गाडीवाचून राहण्याची सवय. परदेशात तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

ऐंशीव्या वर्षीचे पाय

जागा बघायला जाता तेव्हा तुम्ही बासष्ट वर्षांचे असता. दिवसाला दहा हजार पावलं चालता, चढ आला तरी मौज वाटते. पण त्या घरात शेवटी राहणार आहे तो ऐंशी वर्षांचा माणूस. त्याच्या पायांनी जागा तपासा.

दूध, पाव, भाजी आणि औषधं ही रोजची कामं दारापासून चारशे-पाचशे मीटरच्या आत व्हायला हवीत. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पाचशे मीटरला दहा मिनिटं लागतात. परत येताना हातात पिशवी असते हे धरूनच हा आकडा सांगतो आहे. डॉक्टर, बँक, बाग, देऊळ किंवा वाचनालय ही आठवड्याची ठिकाणं एका बसने, मधे न बदलता, गाठता आली पाहिजेत. मोठं इस्पितळ, विमानतळ, परवान्याचं कार्यालय ही क्वचितची ठिकाणं लांब असली तरी चालतील, फक्त तिथे जायची टॅक्सी परवडली पाहिजे आणि रात्रीही मिळाली पाहिजे.

चौकातला सिग्नल बघा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून अनेक देशांत पादचाऱ्यांचा वेळ ठरवतात. सोळा मीटर रुंद रस्त्यासाठी तेरा-चौदा सेकंद पुरतील असा तो हिशेब आहे, पण काठी घेतलेल्या माणसाला वीस लागतात. घर आणि बाजार यांच्यामध्ये असा रस्ता असेल आणि मधे थांबायला दुभाजक नसेल, तर नकाशावर ते अंतर कितीही कमी दिसो, ती जागा तुमच्यासाठी लांबच आहे.

बसच्या बाबतीत किती मार्ग आहेत यापेक्षा किती मिनिटांनी बस येते ते विचारा. दर दहा मिनिटांनी बस असली की वेळापत्रक बघावं लागत नाही. चाळीस मिनिटांनी असली की सगळा दिवस तिच्या भोवती फिरतो. रविवारचं आणि रात्री आठनंतरचं वेळापत्रक वेगळं मागून घ्या. फिरायला आलेल्या माणसाला ते कधीच कळत नाही, राहणाऱ्याला मात्र पहिल्याच महिन्यात बोचू लागतं. बसचा दरवाजा फुटपाथच्या पातळीला येतो की दोन पायऱ्या चढाव्या लागतात, थांब्यावर सावली आणि बसायला बाक आहे का, हेही बघून ठेवा. बाकाला मी फार महत्त्व देतो. दर दोनशे मीटरवर टेकायला मिळालं की गुडघे दुखणारी व्यक्तीही किलोमीटरभर जाऊन येते. बाक नसेल तर ती घरीच राहते.

घर निवडताना लिफ्टशिवायचा दुसरा मजलासुद्धा नको. युरोपातल्या जुन्या पेठांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची देखणी घरं स्वस्त मिळतात, ती बहुधा याच कारणाने. शक्य असेल तर दोन लिफ्ट असलेली इमारत पाहा. एक बंद पडली तर तुम्ही अडकत नाही. आणि मोठ्या घराचा मोह सोडा. त्याच भाड्यात थांब्याजवळ एका बेडरूमचं आणि शहराबाहेर तीन बेडरूमचं मिळत असेल, तर डोळे मिटून एक बेडरूमचं घ्या. मुलं वर्षातून दोन आठवडे येणार, तेवढ्यासाठी जवळ हॉटेल असतं.

दाराची किंमत, राहण्याची किंमत

स्वस्ताईची चर्चा नेहमी भाडं आणि भाजीवर अडकते. पण परदेशी निवृत्ताला दोन वेगळ्या किमती मोजाव्या लागतात: देशात शिरण्याची आणि तिथे राहण्याची. या दोन्ही एकमेकींशी जुळतातच असं नाही.

मलेशियात राहणं स्वस्त आहे, शिरणं महाग. ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत २०२४पासूनच्या नियमांप्रमाणे सर्वांत खालच्या, म्हणजे सिल्व्हर श्रेणीलाही दीड लाख डॉलरची मुदत ठेव लागते, आणि किमान सहा लाख रिंगिटचं घर विकत घ्यावं लागतं. परदेशी खरेदीदारासाठीची किमान किंमत राज्याराज्यांत वेगळी आहे, त्यामुळे पसंतीच्या जागी हा आकडा वाढू शकतो. याच योजनेत एक स्वस्त वाट आहे: पन्नाशी ओलांडलेल्यांना ३२,००० डॉलरच्या ठेवीवर परवाना मिळतो, पण घर जोहोरमधल्या फॉरेस्ट सिटी या प्रकल्पात घ्यावं लागतं. समुद्रात भराव टाकून वसवलेली ही वसाहत अजून बरीचशी रिकामी आहे आणि शहरापासून दूर आहे. ज्याला गाडीवाचून राहायचं आहे त्याने या स्वस्त वाटेला जाऊच नये.

थायलंडमध्ये वयाची पन्नाशी पूर्ण हवी आणि बँकेत आठ लाख बात ठेवावे लागतात, किंवा महिन्याला ६५,००० बातचं उत्पन्न दाखवावं लागतं. दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद द्यावी लागते. स्पेनचा नोकरी न करणाऱ्यांसाठीचा निवास परवाना उत्पन्नावर आहे. एका माणसाला वर्षाला २८,८०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ७,२०० युरो, म्हणजे जोडप्याला ३६,००० युरो दाखवावे लागतात, आणि तिथे नोकरी करता येत नाही. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा त्यामानाने सौम्य आहे: २०२५मध्ये अर्जदाराला महिन्याला ८७० युरो आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे. ही रक्कम तिथल्या किमान वेतनाला बांधलेली असल्याने वेतनाबरोबर वाढते.

यातून माझं अनुमान असं. ज्यांच्याकडे पेन्शन घसघशीत आहे पण साठवलेली पुंजी बेताची, त्यांनी स्पेन-पोर्तुगालकडे बघावं. ज्यांच्याकडे पुंजी आहे पण दरमहाचं उत्पन्न कमी, त्यांना मलेशिया किंवा थायलंड सोयीचं. नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्या देशाच्या दूतावासाचाच शब्द खरा धरा, एजंटचा धरू नका.

पेनांग

आशियात भारतीय माणसाला गाडीवाचून राहता येईल अशा ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत पेनांग बेटावरचं जॉर्जटाऊन मला सगळ्यांत पटतं. इंग्रजी चालतं, तमिळ वस्ती जुनी आहे, क्वीन स्ट्रीटवरचं मारिअम्मन देऊळ १८३३चं आहे. लिट्ल इंडियात तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, इडली-डोसा सगळं मिळतं. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, कारण चिनी बौद्धांची शाकाहारी खानावळही बहुतेक वस्त्यांत असते.

जुन्या गावाला २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. तिथल्या दुकानांपुढे छपराखालून चालायची पाच फुटी वाट आहे, तिने ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. पण या वाटेवर स्कूटर लावलेल्या असतात, खाऊच्या गाड्या असतात, आणि प्रत्येक दुकानापुढे तिची पातळी बदलते. गुडघे धड नसतील तर हा सततचा चढउतार नकोसा वाटतो. रस्त्याकडेची पावसाळी गटारंही अनेक ठिकाणी उघडी आहेत. जुन्या गावात फिरायला जावं, राहायला त्याच्या वायव्येला पुलाऊ तिकुसमध्ये जावं.

पुलाऊ तिकुसला रोजचा मंडईवजा बाजार आहे, दवाखाने आहेत, आणि किनाऱ्याने जाणारी १०१ क्रमांकाची बस तिथून जाते. जालान बर्मावरचं अॅडव्हेंटिस्ट, जालान पांगकोरवरचं ग्लेनईगल्स आणि मॅकॅलिस्टर रस्त्यावरचं आयलंड ही तीन मोठी खासगी इस्पितळं सगळी या टापूच्या आसपासच आहेत. सुमात्रातून लोक उपचाराला इथे येतात. बसचं मुख्य केंद्र कोमतारला आणि जेट्टीला आहे. जेट्टीवरून फेरी पकडून पलीकडे बटरवर्थला उतरलं की समोरच रेल्वे, आणि तिथून चार तासांच्या आसपास क्वालालंपूर. विमानतळ बेटाच्या दक्षिणेला आहे, तिकडेही बस जाते.

बाटू फेरिंगीचा समुद्रकिनारा बघून अनेकांचं मन तिथेच ठरतं. मी तिथे घर घ्यायला सांगणार नाही. वाट वळणावळणाची, बसला गर्दी, आणि छातीत दुखू लागलं तर इस्पितळापर्यंतचं अंतर जिवावर बेतणारं.

हवेबद्दल स्पष्ट सांगतो. बारा महिने तीस अंशांच्या पुढे, आणि दमट. चालायचं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी. काही वर्षी इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगींचा धूर इथवर येतो. २०१५ आणि २०१९मध्ये तो बराच आला होता. दमेकऱ्याने हे मनावर घ्यावं.

व्हॅलेन्सिया

युरोपात गाडीवाचून राहायचं तर माझी पहिली पसंती स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियाला. शहर सपाट आहे, आणि उतारवयात सपाटीचं मोल किती हे मला वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५७ला तुरिया नदीला महापूर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. मग नदीच शहराच्या दक्षिणेला वळवली गेली, आणि कोरड्या पात्रातून रस्ता काढायचा बेत होता तो नागरिकांनी हाणून पाडून तिथे बाग करून घेतली. आज शहराच्या मधोमध सुमारे नऊ किलोमीटर लांबीची ही बाग आहे. पूल वरून जातात, खाली एकही रस्ता न ओलांडता म्हातारी माणसं, पोरं, सायकली चाललेली असतात. मेट्रो, ट्राम आणि बस तिन्ही आहेत, माद्रिदची जलद रेल्वे दोन तासांच्या आत पोचवते.

घर बघायचं तर बेनिमाक्लेत बघा. मुळात हे वेगळं गाव होतं, शहराने ते पोटात घेतलं. चौक, चर्च, बुटकी घरं अजून आहेत. मेट्रो आणि समुद्राकडे जाणारी ट्राम तिथे एकमेकींना भेटतात, आणि विद्यापीठाचं मोठं इस्पितळ जवळच्या ब्लास्को इबान्येस रस्त्यावर आहे. रुसाफा ही वस्ती आता फार गाजली आहे, त्यामुळे भाडंही चढलं आहे. एकूणच या शहरातली भाडी गेल्या काही वर्षांत भराभर वाढली आहेत. पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला आकडा घेऊन जाऊ नका.

आता पाण्याबद्दल, कारण ते टाळून या शहराविषयी लिहिणं बरोबर होणार नाही. २९ ऑक्टोबर २०२४च्या अतिवृष्टीत व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसं बुडून मेली. वळवलेल्या नदीच्या पात्रामुळे मूळ शहर वाचलं. त्या पात्राच्या पलीकडची दक्षिणेची गावं, जिथे घरं स्वस्त होती, ती बुडाली. तळमजल्यावरची वृद्ध माणसं आणि तळघरातून गाडी काढायला गेलेली माणसं सगळ्यांत जास्त गेली. मेट्रोचे दक्षिणेकडचे मार्ग कित्येक महिने बंद होते. म्हणून कुठल्याही शहरात घर बघताना पूररेषेचा नकाशा मागा, आणि तळमजला कितीही सोयीचा वाटला तरी अशा टापूत पहिला मजला आणि लिफ्ट हेच घ्या. मिठी नदीच्या काठी २००५च्या पुरात काय झालं ते मुंबईकराला माहीत आहे.

स्पेनची खरी अडचण भाषेची आहे. बाजारात खुणांनी निभावतं, डॉक्टरपुढे निभावत नाही. जायच्या दोन वर्षं आधी शिकवणी लावा. छातीत कळ, चक्कर, लघवीला जळजळ, औषधाची ॲलर्जी एवढं तरी दोघांनाही सांगता आलं पाहिजे.

मॉरिशस

मराठी वाचकासाठी मॉरिशसचा विचार वेगळा करायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गेलेल्या कोकण-देशावरच्या माणसांचे वंशज तिथे आहेत. घरात बहुतेक आता क्रिओल बोलतात, पण शाळांत मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पन्नाशीपुढच्या परदेशी निवृत्तांना तिथे दहा वर्षांचा निवास परवाना मिळतो, त्यासाठी ठरावीक रक्कम दरवर्षी तिथल्या बँकेत आणावी लागते.

पूर्वी मी गाडीवाचून तिथे राहा असं सांगितलं नसतं. २०१९-२०पासून मेट्रो एक्स्प्रेस ही हलकी रेल्वे सुरू झाली, आपल्याच लार्सन अँड टुब्रोने ती बांधली, २०२२मध्ये ती क्युरपिपपर्यंत पोचली, आणि चित्र बदललं. पोर्ट लुई, रोझ हिल, क्वात्र बोर्न, वाक्वा, क्युरपिप अशी ती बेटाच्या मध्यावरून जाते. घर घ्यायचं तर या रेषेवरच. त्यातही क्वात्र बोर्न किंवा रोझ हिल: बाजार, दवाखाने, स्थानक सगळं जवळ. क्युरपिप उंचावर आहे, थंड आणि पावसाळी, सांधे दुखणाऱ्याने तिथे पावसाळ्यात महिनाभर राहून बघावं. ग्रॅन बे किंवा फ्लिक-आँ-फ्लॅकसारखी किनाऱ्यावरची गावं पर्यटकांची. तिथे संध्याकाळनंतर बस जवळजवळ थांबते. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे महिने, वरचा इशारा लागला की वाहतूक बंद होते, म्हणून घरात चार दिवसांचं पाणी, शिधा आणि औषधं ठेवायची सवय लावून घ्यावी. हे बेट पेनांगएवढं स्वस्त नाही, बरंचसं सामान आयात होतं. पण एकटेपणाची ज्यांना धास्ती वाटते त्यांना मी आधी इथेच जाऊन बघायला सांगेन.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लिस्बन सुंदर, पण सगळे चढ, आणि पांढऱ्या गुळगुळीत दगडांचे फुटपाथ पावसात निसरडे होतात. पडून हाडच मोडून घ्यायचं तर कशाला जायचं तिथे, असा प्रश्न मला पडतो. पोर्तोला मेट्रो चांगली आहे, चढ तिथेही आहेत, मात्र नदीपासून वरचा पठारी भाग चालायला बरा. पोर्तुगालच्या रेल्वेत पासष्टीनंतर निम्मं तिकीट लागतं. बँकॉकमध्ये उन्नत रेल्वेच्या स्थानकाला लागून घर घेतलंत तर उत्तम चालतं. गल्लीच्या आत किलोमीटरभर गेलात की नाही. चियांग माई मला स्वतःला आवडतं, पण तिथे लाल सामायिक गाड्यांवर अवलंबून राहावं लागतं आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं जाळल्याच्या धुराने श्वास कोंडतो. फुफ्फुसाचा त्रास असलेल्याने ते यादीतून काढावं.

औषधपाणी आणि पैसा

अमेरिकेतल्या वाचकांनी आधी हे ध्यानात घ्यावं की मेडिकेअर साधारणपणे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. भारतातली आरोग्य विम्याची पॉलिसीही बहुधा भारतातल्याच इस्पितळांपुरती असते, आणि प्रवासविमा प्रवासासाठी असतो, राहण्यासाठी नाही. स्थानिक विमा वेगळा घ्यावा लागतो. सत्तरीनंतर नवा विमा मिळणं सगळीकडेच अवघड होत जातं आणि जुन्या दुखण्यांवर अटी येतात. जायचंच असेल तर पासष्टीच्या आसपास जा, पंचाहत्तरीला निर्णय घ्यायला ठेवू नका. स्पेनमध्ये एक चांगली सोय आहे: वर्षभर नोंदणीकृत राहिल्यावर दरमहा ठरावीक रक्कम भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं. पासष्टीखालच्यांना ६० युरो, वरच्यांना १५७ युरो. जुन्या आजाराने तिथे दार बंद होत नाही. औषधांचे पैसे मात्र पूर्ण भरावे लागतात.

भारतातून पैसे नेणाऱ्यांसाठी: रहिवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ठेव किंवा घरासाठी वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. दीड लाख डॉलरची ठेव भरायची तर वीस लाखांहून जास्त रुपये काही महिने अडकतील हे आधीच मांडून ठेवा. नवरा-बायको दोघांच्या नावाने, आणि मार्च-एप्रिल असं दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलं की ओझं थोडं हलकं होतं. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात भारतीय दूतावासातूनही देता येतो.

करांचा सल्ला सीएकडून घ्या, पण प्रश्न तुम्ही घेऊन जा. वर्षातले १८३ दिवस स्पेनमध्ये काढलेत की तुमचं जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र होतं, आणि भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिथे करमुक्त राहीलच असं नाही. परदेशातल्या ५०,००० युरोंहून अधिक मालमत्तेची माहितीही तिथे द्यावी लागते. थायलंडने २०२४पासून रहिवाशांनी बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर लावला आहे. दुहेरी करआकारणी टाळण्याचे भारताचे करार या सगळ्या देशांशी आहेत, पण त्यांचा लाभ मागावा लागतो, तो घरी चालत येत नाही.

राहून बघताना

निर्णयाआधी एकदा तरी महिनाभर राहून या. मलेशियात सध्या भारतीयांना ३० दिवस विनाव्हिसा राहता येतं, तेवढे या कामाला पुरतात. पर्यटकांच्या चांगल्या हंगामात जाऊ नका. व्हॅलेन्सियाला ऑगस्टच्या उकाड्यात, मॉरिशसला फेब्रुवारीत, चियांग माईला मार्चमध्ये जा. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, आणि तेही ज्या वस्तीत राहायचं आहे त्याच वस्तीत. प्रेक्षणीय स्थळं यावेळी सोडा. दात साफ करून घ्या, रक्त तपासा, चष्मा नीट करून आणा, सिलिंडर संपल्यावर काय करतात ते शेजाऱ्याला विचारा, कुरिअर घ्या, रविवारी संध्याकाळी दुसऱ्या टोकाला जाऊन बसने परत या. दोन्ही हातांत पाच-पाच किलोचं सामान घेऊन बाजारातून घरी चालत या. टॅक्सी करावीशी ज्या ज्या वेळी वाटली ती वेळ वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी तिथे टॅक्सी करावीच लागणार आहे.

या महिन्यात कधी तरी एक पूर्ण दिवस दोघांनी वेगवेगळा काढा. परदेशात गेलेल्या अनेक जोडप्यांत भाषा, बँक आणि रस्ते एकाच्याच डोक्यात असतात, बहुधा नवऱ्याच्या, आणि तो आधी गेला की मागे राहिलेली बाई परक्या गावात पूर्ण अडकते. बसचा पास, बँकेचं ॲप, डॉक्टरचा नंबर दोघांकडे हवा. भाडेकरारावर दोघांची नावं हवीत. मृत्युपत्र तिथल्या नोटरीकडूनही करून घ्या. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २०१५पासून लागू असलेल्या युरोपीय नियमाने आपल्या वारशाला आपल्या राष्ट्रीयत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असं मृत्युपत्रात लिहिता येतं. ते लिहिलं नाही, तर तिथे राहणाऱ्याच्या मालमत्तेला सहसा तिथलाच वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलांचा वाटा आधीच ठरलेला असतो.

मुंबई-पुण्यातलं घर पहिली दोन वर्षं विकू नका. लिव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर द्या, म्हणजे परत यावंसं वाटलं तर वर्षाच्या आत आपल्या दारात उभं राहता येतं. राहतं घर विकल्याशिवाय ज्यांना मलेशियाची ठेव आणि तिथलं घर दोन्ही जमणार नाही, त्यांनी मलेशियाचा विचार सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी वर्षातले दोन-तीन महिने भाड्याच्या घरात पेनांगला किंवा रोझ हिलला काढावेत आणि उरलेले इथे, ओळखीच्या थांब्याजवळ.